हलल्याशिवाय न लागणारा दिवा

सकाळचे सव्वानऊ म्हणजे आमच्या घरात मागचं आवरण्याची वेळ. हे कामावर गेलेले, लेक शाळेत गेलेली, आणि दोघांनी जाता जाता जिथे तिथे सोडलेल्या वस्तू उचलत मी घरभर फिरत असते. त्या दिवशीही दोन ओले टॉवेल खांद्यावर आणि एक विजोड मोजा हातात घेऊन मी त्याचा जोडीदार शोधत होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून सासऱ्यांनी आवाज दिला, "गेला गं परत!"

"हात हलवा, बाबा!"

"हलवतोय! सकाळपासून तेच चाललंय. वाचू कधी मग?"

मी डोकावले. काळोख्या खोलीत सासरे खुर्चीत बसून गुंडाळलेलं वर्तमानपत्र डोक्यावर फिरवत होते, निघून चाललेल्या बसला थांबवावं तसे. कोपऱ्यातल्या सेन्सरचा लाल ठिपका लुकलुकला, दिवा लागला, आणि त्याच वेळी दारावर थाप पडली. एकच, जड, दाराच्या खालच्या अंगाला. बेल असूनही गुडघ्याने दार वाजवणारा माणूस आमच्या भागात एकच आहे. त्याचे दोन्ही हात कधी मोकळे नसतात.

"शिडीमामा आले," मी म्हटलं.

"या म्हणावं," सासरे आतून म्हणाले. "पण ते आत आले की हा दिवा शहाण्यासारखा वागणार, बघ. डॉक्टरच्या दारात गेलं की दाढ दुखायची थांबते ना, तसं."

हे सेन्सरचं प्रकरण आमच्या ह्यांनी आणलेलं. ह्यांना रिकाम्या खोलीत जळणारा दिवा सहन होत नाही. लग्न झाल्यापासून बघते आहे, जेवण झालं की हे घरभर फिरून बटणं बंद करणार आणि म्हणणार, "या घरात माणसांपेक्षा दिवे जास्त जागतात." लेकीने तर एकदा अंधारात डोक्याला शाम्पू लावून आरडाओरडा केला होता, कारण वडिलांनी बाथरूम रिकामी समजून बाहेरचं बटण दाबलं. शेवटी ह्यांनी सहा खोल्यांत सहा सेन्सर बसवून घेतले. माणूस आला की दिवा लागणार, माणूस गेला की थोड्या वेळाने आपोआप जाणार. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. दोन्ही हातांत भांडी घेऊन स्वयंपाकघरात पाऊल टाकावं आणि समोर उजेड व्हावा, याचं सुख बाईलाच कळेल. अडचण झाली ती फक्त बाबांच्या खोलीत.

त्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. त्यामुळे दिवसाही दिवा लागतोच. आणि बाबा म्हणजे बसले की बसले. चाळीस वर्षं त्यांनी नकाशे काढले. श्वास जोरात सोडला तरी रेघ हलायची, असं ते सांगतात. हलायचं नाही, ही त्यांच्या अंगात मुरलेली विद्या. ते मान न वळवता फक्त डोळ्यांनी वाचतात. पान उलटायलासुद्धा त्यांना पंधरा-वीस मिनिटं लागतात, कारण ते जाहिरातीही वाचतात. सेन्सरला वाटायचं खोलीत कोणी नाही.

"मी जिवंत असल्याचा पुरावा दर दहा मिनिटांनी द्यावा लागतोय," बाबा ह्यांना म्हणाले होते. "पेन्शनवाल्यांनासुद्धा वर्षातून एकदाच लागतो."

शिडीमामा, आमच्या भागातले वायरमन, आत आले. पन्नाशी केव्हाच ओलांडलेला, सडपातळ माणूस. तीस वर्षं शिडी वाहून डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली गेलेला. दाराच्या चौकटीला शिडीचा ओरखडा न काढता घरात शिरायचं कसब त्यांच्याइतकं कोणाकडे नाही. याच कामासाठी ते तिसऱ्यांदा येत होते. आधीच्या दोन्ही वेळी झालं ते असं: मामा खोलीत आले, दिवा लागला. मामा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले, दिवा लागलेलाच. मामांनी वर चढून सेन्सरची वेळेची चकती फिरवली, खाली उतरले, पुन्हा चालले आणि म्हणाले, "लागतोय की, काका."

यावेळीही तेच. ते उंबऱ्यात आले आणि दिवा त्यांच्या स्वागताला असल्यासारखा लख्ख.

"बघा!" बाबा म्हणाले. "ओळख ठेवून आहे तुमची."

मामा हसले नाहीत. त्यांनी शिडी उघडली, वर चढले. पायरीपायरीला कटकट वाजत होतं.

"शिडी वाजतेय का हो?"

"नाही काका, गुडघे. शिडी नवीन आहे."

वरून त्यांनी सांगितलं की वेळ आधीच सगळ्यात जास्त ठेवली आहे, दहा मिनिटं. त्याच्या पुढे चकती जात नाही. मग खाली उतरून ते शिडीला टेकून उभे राहिले. मी चहा आणला. तो त्यांनी उभ्यानेच घेतला. मामा कोणाच्याच घरी बसत नाहीत. बसलो की पुन्हा उठवत नाही, म्हणतात. ठेकेदार सकाळीच फोनवर घरांची यादी पाठवतो. त्या दिवशी आमचं पहिलं होतं आणि त्यानंतर अजून चार.

"दिसतोय तर चांगला," ते सेन्सरकडे बघत म्हणाले. "शंभर घरांत बसवलेत मी. चालून बघितलं, सगळीकडे लागतो."

"हेच," बाबा म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तुम्ही चालून बघता. अहो, मी घरात चालतो कुठे? मी बसतो. तुम्ही कधी बसून बघितलंय?"

मामांनी जरा वेळ विचार केला. खरोखर केला, कारण हातातला कप तसाच अधांतरी राहिला. "नाही," ते म्हणाले. "बसायचं काय काम?"

"मग आज बसा. इथे, माझ्या खुर्चीत."

"कपडे मळलेत काका."

"खुर्ची त्यांच्याहून जुनी आहे. बसा!"

बाबा उठले, हाताला धरून त्यांनी मामांना खुर्चीत बसवलं आणि नवशिक्याला शिकवावं तसं सांगू लागले. पाठ टेका. हात मांडीवर. मान सरळ. हे घ्या वर्तमानपत्र, पण पान उलटायचं नाही. खाजलं तरी खाजवायचं नाही. मामांनी सगळं मुकाट्याने ऐकलं. ते खुर्चीत टेकले तेव्हा त्यांच्या तोंडातून "हं" असा एक उच्छ्वास निघाला. दिवसभराचं ओझं उतरवल्यावर निघतो तसा. आणि दिवस तर आत्ता कुठे सुरू होत होता.

आम्ही दार लावून बाहेर आलो. बाबा स्वयंपाकघरात माझ्यासमोर स्टुलावर बसले. परीक्षेचा निकाल लागणार असल्यासारखी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"दहा मिनिटं झाली," ते म्हणाले. "आता गेला असणार. आता ओरडेल."

आतून आवाज नाही. बारा मिनिटं झाली. पंधरा झाली. वॉशिंग मशीन शेवटची गरगर करून थांबलं, म्हणून मी उठून कपडे काढले.

"झोपला बिचारा," बाबा हळूच म्हणाले. "झोपू दे पाच मिनिटं."

वीस मिनिटं झाल्यावर मी दार अलगद उघडलं. खोलीत अंधार होता. मागून आलेल्या उजेडाच्या पट्ट्यात दिसलं, मामा झोपलेले नव्हते. पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून, डोळे उघडे ठेवून ते तसेच बसले होते. मी आत पाऊल टाकलं आणि दिवा लागला.

"गेला होता ना?" मी विचारलं. "मग हाक नाही मारलीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वर कोपऱ्याकडे पाहत होते. "ताई, हा आत्ता तुम्ही आलात म्हणून लागला ना?"

"हो."

"म्हणजे तुम्ही येण्याआधी अंधार होता, आणि तुम्हाला आल्यावर उजेडच दिसला."

"हो," मी म्हटलं. "दारातूनच अंधार दिसला, म्हणून कळलं. एकदम आत आले असते तर कळलंही नसतं."

मामांनी मान हलवली. बाबा माझ्या मागे येऊन उभे होते. आपण जिंकलो हे सांगायला ते आले असणार, पण मामांचा चेहरा बघून थबकले.

"आमच्याकडे हाच आहे," मामा म्हणाले. "तिच्या खोलीत."

मामांची बायको आजारी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. किती आणि कशी, ते मला त्या खुर्चीपाशी उभी असताना कळलं. त्या आधी शिवणकामाच्या कारखान्यात काजं करायच्या. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी कपडे वाळत घालताना उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, हात-पाय आले नाहीत. मामा सकाळी आठला निघतात, संध्याकाळी सातला परततात. दुपारी त्यांची भावजय येऊन जेवण भरवते, अंग पुसते, कूस बदलून देते आणि तासाभरात जाते. बाकी दिवसभर त्या एकट्या. खोली मागच्या बाजूला, तळमजल्यावर. खिडकी आहे, पण ती बोळात, आणि बोळ इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावायची. दिव्याचं बटण दाराशेजारी, पलंगापासून सात पावलांवर.

"सात पावलं तिला कशी जमणार?" मामा म्हणाले. "एका गिऱ्हाइकाने परत केलेला एक सेन्सर माझ्याकडे होता. सुट्टीच्या दिवशी बसवला. वेळ दहा मिनिटं ठेवली. आत जाऊन बघितलं, बाहेर येऊन पुन्हा आत जाऊन बघितलं. लख्ख लागला. म्हटलं, झालं काम, आता तिला कोणाची वाट बघायला नको. बटण काढूनच टाकलं. लोकांना सांगायचो ताई, आमच्या हिच्या खोलीत बटण नाही, राणीसारखी राहते."

त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले.

"दोन वर्षं मी रोज त्या खोलीत जातोय. एकदासुद्धा अंधार दिसला नाही मला. दिसणार कसा? मी पाय टाकणार, आणि मला उजेडच दिसणार. वहिनीलाही तसंच."

"डावा हात तर हलतो ना त्यांचा?" मी विचारलं. काहीतरी आशेचं बोलायचं म्हणून.

"हलतो. पण सेन्सर दाराच्या वर, आणि पलंग कपाटाच्या आडोशाला. हात उचलला तरी तिथवर पोचत नसेल त्याची नजर." मग म्हणाले, "आणि किती वेळा उचलेल?"

मामा यायच्या आधी बाबा हवेत वर्तमानपत्र फिरवत होते, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं.

"पण मामा, त्यांनी कधी सांगितलं नाही तुम्हाला?"

"ती काय सांगणार? मी घरी येतो तेव्हा ती आधी माझे गुडघे बघते. चालण्यावरून ओळखते, आज किती घरं झाली ते. घरात येऊन पुन्हा शिडी लाव, असं ती म्हणणार आहे होय?"

दिव्याखालच्या अंधाराची ती म्हण माझ्या ओठांवर आली होती. गिळून टाकली. काही म्हणी खऱ्या असतात म्हणूनच बोलू नयेत.

बाबा पुढे झाले. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला, खाली गेलेल्या डाव्या खांद्यावर. "अहो, चूक कसली ही? यंत्राने फसवलं तुम्हाला."

"यंत्राने कसलं फसवलं, काका," मामा उठत म्हणाले. "ते फक्त हललेलं बघतं, हे मीच लोकांना समजावून सांगतो. माझ्याच घरात मी विसरलो की ती हलत नाही."

त्यांनी शिडी पुन्हा लावली आणि बाबांच्या खोलीतला सेन्सर उतरवला. आमचं जुनं बटण खुर्चीच्या उजव्या हाताशी, बाबांना न वाकता सापडेल असं बसवून दिलं. बाबांकडून दहा वेळा चालू-बंद करून घेतलं. मी म्हटलं, "मामा, राहू द्या बाकीची घरं. आधी घरी जा तुम्ही."

"चार घरं आहेत अजून. लोक वाट बघत बसलेत." शिडी खांद्यावर घेता घेता ते म्हणाले, "ती तर दोन वर्षं वाट बघत बसलीये. अजून एक दिवस."

हे ते स्वतःलाच लावून बोलले, ते मला कळलं. चौकटीला ओरखडा न काढता ते बाहेर पडले, आणि खालपर्यंत त्यांचे गुडघे ऐकू येत राहिले.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी जेवताना नेहमीसारखा उपदेश केला नाही. जेवण झाल्यावर बाबांच्या खोलीत दिवा उगाच जळत होता आणि बाबा हॉलमध्ये बातम्या बघत होते. हे दारापर्यंत गेले, बटणाकडे पाहिलं आणि परत आले.

आठवडाभराने मामा पुन्हा आले. आमची तक्रार नव्हती, त्यांना कोणी पाठवलंही नव्हतं. खालच्या मजल्यावर काम होतं, ते संपवून वर आले होते. बाबा फिरायला गेले होते. मी चहा टाकला. मामा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"बसा ना."

"नको ताई. त्या दिवशी बसलो तेवढं पुरे."

त्यांनी सांगितलं, त्याच संध्याकाळी सेन्सर काढून टाकला. लांब वायर ओढून एक लोंबतं बटण पलंगाच्या डाव्या कडेला बांधून दिलं, तिच्या अंगठ्याखाली येईल असं.

"काय म्हणाल्या?"

"हसली. म्हणाली, हे आणि कशाला, चांगला लागत होता की तो. मी विचारलं, दिवसा अंधारात पडून राहायचीस ना? तर म्हणते, डोळे मिटून तर पडायचं, त्याला उजेड कशाला." मामांनी चहात फुंकर मारली. "डोळे मिटून पडणारी बाई नाही ती. बारा वर्षं काजं केलीत. सुईत दोरा घालताना पापणी हलायची नाही."

"आता तरी लावतात ना?"

"मी येतो तेव्हा लागलेला असतो."

"मग झालं तर."

"ताई, माझी मोपेड बोळाच्या तोंडाशी आली की तिला आवाज जातो. गाडी लावायची, शिडी उतरवायची, कुलूप काढायचं, मग मी आत. बटण दाबायला किती वेळ लागतो? वहिनी येते तीही लांबूनच हाका मारत येते." त्यांनी चहाचा घोट घेतला. "एक दिवस गाडी लांब लावून चालत जाऊन बघितलं. तरी कळलं तिला. दारापाशी पोचलो नाही तोच आतून म्हणते, आज लवकर कसे? गुडघ्यांवरून ओळखलं. चोरपावलांनी जाणं माझ्या नशिबात नाही."

मला हसू आलं. त्यांनाही किंचित आलं, आणि लगेच गेलं.

"सरळ विचारा ना त्यांना."

"विचारलं. लावते म्हणते. दिवसभर लावते, वाचतेसुद्धा, म्हणते. वहिनीने जुनी मासिकं आणून दिलीत." कप ओट्यावर ठेवून ते तिथेच त्याच्याकडे बघत राहिले. "खरंही असेल. पण गेली दोन वर्षं मला सगळं खरंच वाटत होतं. आता ती लावते म्हणाली की मला वाटतं, मी दमलोय म्हणून म्हणते. एकटीसाठी कशाला, ही सवय लागली असेल तिला. अंधाराचीसुद्धा लागते सवय. नुसतं बटण देऊन काय होतंय?"

खालून कोणीतरी मामांना हाक मारली. पुढच्या घरची माणसं असावीत. "आलो," ते म्हणाले, पण हलले नाहीत. त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. या माणसाला कधी काही मागताना मी पाहिलं नव्हतं. पाण्याचा पेलासुद्धा आपण पुढे केला तरच घेणार.

"ताई, तुम्ही रोज भाजीला आमच्याच रस्त्याने जाता. उद्या अकराच्या सुमाराला बोळातून जा. तिसरी खिडकी आमची, हिरवे गज आहेत. हाक मारू नका, आत जाऊ नका. बाहेरूनच बघा आणि दिवा चालू आहे की नाही, एवढंच मला सांगा."